चूक झाली की थेट घरी पाठवा!

सरळ_बोलतो: सरकारी हॉस्पिटलात चुकीचं इंजेक्शन गेलं की चौकशी समिती नेमतात, मग सगळं थंड. दोघांना कायमचं घरी बसवा, बाकीचे सुतासारखे सरळ होतील.

रात्रपाळी: राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये ठेवलेले असायचे, दिसायला जवळपास सारखेच, आणि पोटॅशियम पातळ न करता शिरेत गेलं की हृदय बंद पडतं. एका सिस्टरने पहाटे भरता भरता लेबल वाचलं म्हणून पेशंट वाचला. तिने लेखी कळवलं, तर मेमो तिलाच! ट्रे तिथेच. त्यानंतर आमच्या वॉर्डात कुणी काही कळवलेलं नाही. झाले सगळे सरळ, खुश?

सरळ_बोलतो: म्हणजे जबाबदार कुणीच नाही, ट्रे जबाबदार. माझ्या वडिलांना शेजारच्या बेडचं औषध दिलं, विचारलं तर म्हणे तुम्ही बाहेर थांबा. नाव विचारायला काय ट्रे लागतो?

टिकमार्क: म्हणूनच चेकलिस्ट हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑपरेशनच्या यादीत १९ मुद्दे, ८ शहरांत करून पाहिली, २००९ च्या अभ्यासात मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले. फुकटात!

भूलतज्ज्ञ_निवृत्त: अर्धंच सांगताय. कॅनडात ओंटारियोमध्ये १०१ हॉस्पिटलांत तीच यादी लागू झाली, २०१४ च्या अभ्यासात म्हणावा असा फरक नाही. कारण ऑपरेशन संपल्यावर एकजण बसून सगळ्या टिका मारतो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

टिकमार्क: मग दोष यादीचा की टिक मारणाऱ्याचा?

भूलतज्ज्ञ_निवृत्त: त्यात प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं असतं. किती सर्जन थांबतात हो? सिस्टरचं नाव माहीत नसताना वर्षानुवर्षं तिच्या हातून कात्री घेतात, आणि तिने रक्त टिपायच्या स्पंजची मोजणी जुळत नाही म्हटलं की खेकसतात. यादी भिंतीवर लावा, फ्रेम करून.

टिकमार्क: निवृत्त झाल्यावर सगळ्यांनाच वाचा फुटते. तेव्हा बोलला होतात का?

भूलतज्ज्ञ_निवृत्त: वैयक्तिक येऊ नका.

रात्रपाळी: तुमचं ऑपरेशन थिएटर संपलं असेल तर वॉर्डात या जरा. ड्युटी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, द्यायला धड वेळ नाही, एकीकडे मॉनिटर उगाच कोकलत असतात, आणि वर चेकलिस्टचा कागद. तो भरायला माणूस कोण देणार? दादा, वडिलांचं नाव विचारायलाच हवं होतं, त्यावर माझं दुमत नाही. पण चुकलेल्या सिस्टरला काढलंत तर तिच्या जागी कुणी येणार नाही, तिचे पेशंट माझ्याकडे येतील.

सरळ_बोलतो: आणि आम्ही ओरडलो की हिंसक नातेवाईक! इंग्लंडच्या मिड स्टॅफर्डशायरच्या सरकारी हॉस्पिटलात पेशंटची हेळसांड होतेय म्हणून नातेवाईक कितीतरी आधीपासून ओरडत होते, तिथेही कुणी ऐकलं नाही, २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात सगळं आलंय.

रात्रपाळी: त्याच अहवालात स्टाफ कमी केल्याचं आणि स्टाफ बोलायला घाबरत होता हेही आहे. पूर्ण वाचा.

सरळ_बोलतो: बरं बाई, सिस्टरला नका काढू, तो मेमो देणारा काढा, इथवर माझी सही. पण वडिलांना नेमकं काय दिलं होतं ते मला लेखी कोण देणार, तुमची सिस्टीम?