एलईडी सिग्नल पॅनलवर पिवळा रंग दुपारी नारंगी का दिसतो?

मुरूमट्रॅक: सोलापूरजवळ मुरमाच्या ट्रॅकवर ऑटोक्रॉस (कच्च्या ट्रॅकवरची गाड्यांची शर्यत) घेतोय. फेरी 1.2 किमी, मार्शल पोस्ट (चालकांना इशारे देणाऱ्या मार्शलच्या जागा) पाच. प्रत्येक पोस्टवर चार आरजीबी पी10 मॉड्यूलचं (लाल-हिरव्या-निळ्या एलईडींच्या तयार पाट्यांचं) पॅनल आहे. वीज कंट्रोलच्या (शर्यतीच्या नियंत्रण कक्षाच्या) 12 व्होल्ट बॅटरीवरून 1.5 चौ. मिमी तारेने जाते, पोस्टवर कन्व्हर्टर 5 व्होल्ट करतो. सर्वांत लांबची पोस्ट 100 मीटरवर. सकाळी सगळं व्यवस्थित चालतं, पण दुपारी ब्राइटनेस वाढवला की त्या पोस्टचा पिवळा नारंगी-लाल होतो. मॉड्यूल बदलून पाहिलं, फरक नाही. कोणता रंग दाखवायचा तो सिग्नल लोरावर (लांब पल्ल्याच्या बिनतारी रेडिओवर) जातो.

तारतज्ज्ञ: मॉड्यूल नाही, तार दोषी आहे. 100 मीटर म्हणजे जाऊन-येऊन 200 मीटर तांबं, रोध साधारण 2.4 ओहम. 12 व्होल्टवर एवढ्या रोधातून पलीकडे जास्तीत जास्त 15 वॅट पोचतात. ब्राइटनेस वाढला की कन्व्हर्टर त्याहून जास्त मागतो, व्होल्टेज कोसळतं आणि 5 चे 4 होतात. लाल एलईडीला 2 व्होल्टच्या आसपास पुरतात, हिरव्याला 3 च्या पुढे लागतात. म्हणून आधी हिरवा मरतो, आणि लाल अधिक हिरवा मिळून होणारा पिवळा लालाकडे झुकतो. हे फार धोक्याचं आहे: पिवळा म्हणजे वेग कमी करा, ओव्हरटेक नाही, लाल म्हणजे शर्यतच थांबली.

खात्री करायची तर पॅनल पूर्ण पिवळं ठेवून मॉड्यूलच्या टर्मिनलवरच मल्टिमीटर लावा. 4.6 च्या खाली असेल तर हेच.

उपाय म्हणजे लांब तार काढूनच टाका. प्रत्येक पोस्टवर 12.8 व्होल्ट 20 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, 5 व्होल्टची तार अर्ध्या मीटरच्या आत, आणि चारही मॉड्यूलना स्वतंत्र जोड. एका मॉड्यूलमधून दुसऱ्याला वीज देऊ नका.

पोस्ट_नंबर_४: वरचं बरोबर. ऊन आणि धूळही धरा. मे महिन्यात इथं सावलीत 42 अंश असतं, काळ्या पत्र्याच्या पेटीत त्याहून किती तरी जास्त. पेटी बाहेरून पांढरी, फक्त समोरचा भाग मॅट काळा. भोकं खालच्या बाजूला, जाळी लावून. पुढे चकाकणारं अॅक्रिलिक नको, उन्हाचं प्रतिबिंब पडतं. पॅनलवर हातभर छज्जा द्या. पेट्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल.

आणि भाऊ, पॅनल आली म्हणून झेंडे बंद करू नका. बाकीचे 60 बाय 80 सेंमी, लाल आणि चौकटीचा (शर्यत संपल्याचा) 80 बाय 100. कापड हलकं घ्या. चादरीचं कापड इथं सहज मिळतं, पण जड असल्याने फडकत नाही.

मुरूमट्रॅक: मनापासून आभार. लोराचा संपर्क तुटला तर पॅनलने आपोआप पिवळा दाखवावा का?

तारतज्ज्ञ: माझ्या मते हो. कंट्रोलने दर सेकंदाला पल्स पाठवावा, तीन चुकले की पिवळा.

पोस्ट_नंबर_४: मला हे पटत नाही. गर्दीत लोरा अडखळू शकतो. खोटा पिवळा तीनदा लागला की चालक खरा पिवळाही मानत नाहीत. संपर्क तुटला तर पॅनल आहे तसंच राहू द्या, पोस्टवर आणि कंट्रोलला बझर वाजू द्या, आणि निर्णय मार्शलच्या हातातल्या बटणावर. ते बटण तारेने थेट पॅनलला, म्हणजे लोरावरून काहीही आलं तरी बटणाचंच चालेल असं. पिवळा सेकंदाला तीन-चारदा लुकलुकू द्या, स्थिर पिवळा उन्हात नजरेत भरत नाही.

तारतज्ज्ञ: बटण हवंच, मान्य. पण लाल लागलेला असताना संपर्क तुटला तर लाल टिकलाच पाहिजे, ते प्रोग्रॅममध्ये आधी तपासा.

एक राहिलं. स्टार्टचे पाच लाल दिवे सगळे विझणं हाच निघण्याचा इशारा असतो. म्हणजे त्या वेळी वीज गेली तर गाड्या सुटतात! त्या दिव्यांना वेगळी बॅटरी द्या. लाउडस्पीकर, टायमिंग काहीही त्यावर जोडू नका. शेजारी पिवळ्या दिव्यांची एक जोडी वेगळ्या बॅटरीवर ठेवा: लाल चुकून विझले की ती लागली पाहिजे, म्हणजे स्टार्ट रद्द.