मदत हवी आहे: खणाच्या पर्सचा घरगुती व्यवसाय, स्पर्धकांचा अभ्यास नेमका कसा करायचा?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची. घरीच खणाच्या पर्स, पाऊच, डायरीची कव्हरं शिवते, हाताखाली दोघी आहेत. दिवाळीपासून रथसप्तमीपर्यंत मान वर करायला वेळ नसतो (वाणाच्या ऑर्डरींचं पुण्य!), पुढे लग्नसराई.

अडचण अशी की आता प्रत्येक प्रदर्शनात चार-पाच स्टॉल खणाचेच असतात. माझी मध्यम स्लिंग (खांद्याला अडकवायची पर्स) 480 रुपयांना आहे. बायका हातात घेतात, उलटसुलट बघतात आणि म्हणतात, "पलीकडे अडीचशेला आहे की." मी हातमागाचं खण वापरते, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येणारं. पन्हा (कापडाची रुंदी) लहान, त्यामुळे कापताना तुकडे फार वाया जातात. पॉवरलूमचं पॉलिस्टर खण मोठ्या पन्ह्याचं आणि स्वस्त. पण हे गिऱ्हाइकाला उभ्याउभ्या सांगणार कसं?

सगळे म्हणतात, बाकीचे काय करतात ते बघ. नणंदेने हौसेने तक्ता करून दिला: कुणाचे किती फॉलोअर्स, कोण रोज रील टाकतं. तो वाचून मला फक्त झोप लागली नाही. नेमकं बघायचं काय? आणि दुसऱ्यांचं फार बघितलं की आपला हातही तसाच वळायला लागतो, त्याचं काय? दुसरीची पर्स विकत आणून उसवून बघणं बरं दिसतं का, हेही सांगा.

— सुईदोरा

कोकणकडा: ताई, फॉलोअर्सचा तक्ता फेकून द्या. तुमच्या गिऱ्हाइकाने तुमची आणि पलीकडची पर्स शेजारी ठेवून बघितलेली असते. तुम्हीच तेवढी बघितलेली नाही, म्हणून "अडीचशेला आहे की" याला उत्तर सुचत नाही. खुशाल विकत घ्या आणि उसवा. पैसे मोजलेत, चोरी कसली? आत अस्तर आहे का, बकरम (ताठपणासाठीचं कडक कापड) घातलंय की फोम, चेन तीन नंबरची (बारीक) की पाच (जाड), पट्ट्याच्या टोकाला टाका उलटसुलट मारलाय का, शिवणीत दाब किती सोडलाय. मग तेवढाच माल घालून तुम्हाला ती केवढ्याला पडली असती त्याचा हिशोब मांडा. बहुतेक वेळा फरक कापडापेक्षा अस्तरात आणि मजुरीत निघतो. काहीजणी स्वतःची मजुरी धरतच नाहीत, त्यांच्या भावाशी बरोबरी करायला जाऊ नका.

बाराबंदी: मी लाकडी खेळणी विकतो, पण दुखणं तेच. मी स्पर्धकाच्या वस्तूपेक्षा त्याच्याकडच्या तक्रारी वाचतो. ऑनलाइन दुकानांवर दोन आणि तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचा. एक तारावाले बहुधा कुरियरवर चिडलेले असतात. "मोबाइल बसत नाही", "रंग गेला", "चेन अडकते" असं पुन्हापुन्हा दिसलं की तिथे तुमची जागा आहे. शिवाय मेटाची (फेसबुक-इन्स्टावाल्यांची) अ‍ॅड लायब्ररी फुकट उघडता येते. त्यात कुणाच्या कोणत्या जाहिराती सध्या चालू आहेत आणि कधीपासून, ते दिसतं. एखादी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती पैसे आणत असावी, उगाच कोण खर्च करतं?

हात तसाच वळतो म्हणालात, ते खरं आहे. मी नवीन नमुना काढत असतो तेव्हा कुणाचंच बघत नाही. बघणं सीझन संपल्यावर.

कायद्याचं_बोला: नकलेबद्दल थोडं. नेहमीच्या पर्सचा आकार, खिसे, भाव यांवर सहसा कुणाची मालकी नसते (आकाराचं डिझाइन नोंदवलेलं असेल तर गोष्ट वेगळी), ते बघून शिका. पण कुणी स्वतः काढलेलं चित्र किंवा भरतकामाचा नमुना जसाच्या तसा उचलू नका, आणि फोटो तर मुळीच नाही. तुमचा एखादा नमुना खरंच नवा असेल तर डिझाइन अ‍ॅक्ट, 2000 खाली नोंदणी होते: आधी 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात. अट एकच, बाजारात किंवा इन्स्टावर दाखवण्याआधी अर्ज हवा. नोंदणीजोगं डिझाइन न नोंदवता यांत्रिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही जातो. हे पुष्कळांना माहीत नसतं. साध्या पर्ससाठी मात्र या भानगडीत पडू नका.

माहेरची_साडी_नको: स्टॉलवर कापडाचे दोन सुटे धागे आणि काडेपेटी ठेवा. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते, सुताची राख होते, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. आयोजक ओरडले तर माझं नाव सांगू नका. 😄

सुईदोरा: सगळ्यांना धन्यवाद! काडेपेटी नको, पण जळलेले धागे कार्डावर चिकटवून ठेवता येतील. आज बाजारातून ती अडीचशेची आणून उसवली. अस्तर नाही, चेन तीन नंबरची, पण पट्टा माझ्यापेक्षा चांगला बसवलाय, हे मान्य करावं लागेल. आता पुढचा प्रश्न: हळदीकुंकवाच्या वाणासाठी शंभराच्या आतलं काहीतरी सगळ्याच मागतात. कापताना उरणाऱ्या लहान तुकड्यांतून इतर कुणी करत नाही असं काय पाहिलंय कुणी?