थँक्सगिव्हिंग: आभार मानायचे, पण कुणाचे?

पाऊणशहाणा (धागाकर्ता)
बॉस्टनच्या दक्षिणेला राहतो, प्लिमथ इथून पाऊण तासावर. लेक दुसरीत. परवा, थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला नोव्हेंबरातला आभाराचा सण) आधी, शाळेतून आली ती डोक्याला पुठ्ठ्याची पट्टी आणि तिच्यात खोचलेली तीन रंगीत पिसं घेऊन. म्हणाली, "बाबा, आज मी इंडियन झाले होते." म्हटलं, बाई गं, ते तू रोजच असतेस.

मग गोष्ट विचारली. जहाजातून लोक आले, उपाशी होते, इंडियनांनी त्यांना मका लावायला शिकवलं, मग सगळे मिळून टर्की जेवले. "आणि पुढे?" "पुढे सुट्टी."

हे "पुढे सुट्टी"च मला खटकतंय. मागचं-पुढचं सगळं गायब. १६२०च्या डिसेंबरात मेफ्लॉवर जहाजातले इंग्रज (त्यांनाच पिलग्रिम म्हणतात) प्लिमथला उतरले तेव्हा झाडं तोडून साफ केलेली शेतं त्यांना आयती मिळाली. कारण तिथे पटक्सेट नावाचं गाव होतं आणि १६१६ ते १६१९च्या साथीत ते ओस पडलं होतं. मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम (शाळेतला 'स्क्वॉन्टो') त्याच गावचा. १६१४ला एका इंग्रज कप्तानानं त्याला पळवलं आणि स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून सुटून, इंग्लंड करून तो १६१९ला परतला, तर गावात कुणीच उरलेलं नव्हतं. १६२१च्या त्या जेवणाला आलेल्या वाम्पानोआगांचा (तिथल्या मूळनिवासींचा) प्रमुख मॅसासॉइट. त्याचा मुलगा मेटाकॉम १६७६ला इंग्रजांशी लढताना मारला गेला आणि त्याचं मुंडकं प्लिमथमध्ये खांबावर कित्येक वर्षं होतं. त्या जेवणापासून या खांबापर्यंत अवघी ५५ वर्षं!

तर इथल्या मराठी घरांनी हा सण करावा का? बायको म्हणते, सुट्टीच्या दिवशी तरी गप्प बस.

गप्पिष्ट काकू
वहिनींशी सहमत. (हलके घ्या.)

पण खरंच सांगते. शिकायला आले त्या वर्षी नोव्हेंबरात वसतिगृह रिकामं झालं, मेस बंद, बाहेर बर्फ. प्रयोगशाळेतल्या एक बाई मला घरी घेऊन गेल्या. मी शाकाहारी, हे त्यांना टेबलावर बसल्यावर कळलं. उठल्या, आणि माझ्यासाठी वेगळे बटाटे उकडून लोणी-मीठ घालून कुस्करून आणले. त्या घरात पिलग्रिमांचं नावही कुणी काढलं नाही. कुठलाही देव लागत नाही, भेटवस्तू नाहीत, कुणाला जेवायला बोलावलं की झालं, असा सण मला दुसरा माहीत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब माझ्या ताटात कशाला?

इतिहासाचा किडा
दोघांनाही थोडं थांबवतो. १६२१च्या त्या जेवणाचं वर्णन मिळतं ते एडवर्ड विन्स्लो या पिलग्रिमाच्या पत्रातल्या एका परिच्छेदात. चार जण पाखरं मारायला गेले, मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं चाललं, पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. बस्स. त्यांना आमंत्रण होतं की नाही तेही त्यात नाही, आणि 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही नाही. त्या लोकांच्या लेखी थँक्सगिव्हिंग म्हणजे प्रार्थनेचा दिवस. तसा त्यांनी पाळला १६२३ला, दुष्काळात पाऊस पडला म्हणून.

'पहिलं थँक्सगिव्हिंग' हे लेबल त्या जेवणाला चिकटलं १८४१ला, अलेक्झांडर यंग नावाच्या पाद्र्यानं ते पत्र छापताना घातलेल्या तळटीपेतून. देशभराचा वार्षिक सण झाला तो त्यानंतर, १८६३च्या यादवी युद्धात. सेरा हेल ही मासिकाची संपादक वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होती, शेवटी लिंकननं जाहीरनामा काढला. रूझवेल्टनं १९३९ला हा सण आठवडाभर अलीकडे ओढला, कारण दुकानदारांना नाताळाच्या खरेदीला जास्त दिवस हवे होते. त्यावरून राज्याराज्यांत जुंपली आणि १९४१च्या कायद्यानं नोव्हेंबरातला चौथा गुरुवार पक्का केला. म्हणजे धागाकर्ते ज्या मूळ गोष्टीवर रागावलेत, ती मूळ नाहीच. मागून शिवलेलं ठिगळ आहे.

तिसरं पाऊल
ठिगळ कुणी आणि कशावर लावलं, हे विचाराल की नाही? व्हॉट्सॲपवर फिरतंय ते वाचा: १६३७ला पीक्वॉट या मूळनिवासी लोकांची वस्ती इंग्रजांनी जाळली, त्या आनंदात थँक्सगिव्हिंग सुरू झालं.

इतिहासाचा किडा
@तिसरं पाऊल: अर्धं खरं. मिस्टिक नदीजवळची ती वस्ती बायकापोरांसकट जाळली, आणि त्या युद्धातल्या विजयाबद्दल मॅसॅच्युसेट्समध्ये आभाराचा दिवस पाळला गेला. पण असे दिवस पावसाला, पिकाला, लढाईला, प्रसंग पडेल तसे जाहीर व्हायचे. आजचा सण तिथून सरळ रेषेत आलेला नाही.

तिसरं पाऊल
सरळ रेषा कुणी मागितली? पावसासाठी आभार आणि माणसं जाळल्याबद्दल आभार, दोन्ही एकाच देवाचे, एकाच प्रार्थनाघरात. मका दिला टिस्क्वांटमनं आणि धन्यवाद गेले वर. मला आक्षेप आहे तो या पत्त्याला.

आता आपलं बघा. बळीनं तीन पावलं जमीन दिली आणि पाताळात गेला. वामनाची बाजू जिंकली. तरी पाडव्याला आमच्याकडे म्हातारी अजून "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणते. देणारा हरला, पण सणातून हद्दपार झाला नाही. अमेरिकेत ते काम १९७० पासून मूळनिवासी स्वतः करतात. त्या वर्षी प्लिमथच्या वर्धापनाच्या मेजवानीत वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग माणसाला बोलायला बोलावलं, भाषण आधी वाचायला मागितलं, आणि ते पचलं नाही म्हणून बदलायला सांगितलं. तो गेलाच नाही. दर थँक्सगिव्हिंगला दुपारी प्लिमथच्या कोल्स हिल या टेकडीवर शोकदिन पाळतात तो तेव्हापासून.

चुलीवरची
बळीचं पटलं, पण आपली पाठ फार थोपटू नका. आपल्याकडे आईला थँक्यू म्हटलं तर "परकी का मी?" म्हणते, आणि त्याचं आपल्याला कौतुक. पंगत उठताना "अन्नदाता सुखी भव" म्हणतात ते यजमानाला. तो बाहेर ओसरीवर सुपारी कातरत बसलेला असतो. आत सकाळपासून पुरण वाटणारी पंगतीनंतर तीनला जेवते, तेव्हा आमटी तळाला गेलेली असते. मी स्वतः जेवलेय तशी.

आणि किडेसाहेब, विन्स्लोनं पाखरं मारणारे चार पुरुष मोजले. मेफ्लॉवरवरच्या मोठ्या बायकांपैकी तोवर जिवंत होत्या चारच. पन्नासेक घरचे आणि नव्वद पाहुणे, तीन दिवस. ती पाखरं सोलली कुणी, ते त्या परिच्छेदात आहे का?

इतिहासाचा किडा
नाही. :) मान्य.

गप्पिष्ट काकू
मी म्हणतेय तेच तर! म्हणून आमच्याकडे त्या दिवशी सगळा स्वयंपाक मुलं आणि हे करतात. टर्की आतून कच्ची राहते दरवर्षी. मी बटाट्यांवर असते.

जुनी पावती
'कृतज्ञता' हा शब्दच आता कंपनीच्या मेलमध्ये सापडतो. आमच्या ऑफिसात बुधवारी प्रत्येकानं चिठ्ठीवर एक आभार लिहून भिंतीला चिकटवायचा. त्याच महिन्यात कँटीनवाल्या दोघांना काढलं होतं. चिठ्ठ्यांत त्यांचं नाव कुणीच लिहिलं नाही, मीही नाही. आपल्या जुन्या शब्दांत वजन होतं: उपकार, ऋण, उतराई होणं. उपकार फेडावे लागतात. थँक्यू म्हटलं की खातं बंद.

गप्पिष्ट काकू
@जुनी पावती: फेडायच्या भाषेचा मला धाक वाटतो. "एवढे उपकार केले तुझ्यावर" हे ऐकत अर्धी माहेरं आणि सगळी सासरं चालली आहेत. ज्या बाईंनी मला बटाटे दिले त्यांनी कधी पावती नाही मागितली.

तिसरं पाऊल
त्यांनी बटाटे दिले, काकू. जमीन नव्हती दिली.

पाऊणशहाणा (धागाकर्ता)
उशिरा येतोय. गुरुवारी लेकीला घेऊन प्लिमथला गेलो. कोल्स हिलवर मॅसासॉइटचा पुतळा आहे, तिथे गर्दी होती, भाषणं चालली होती. थंडी बेकार. लेकीला फारसं कळलं नाही, पण वाटेत गाडीत टिस्क्वांटमची गोष्ट सांगितली होती. तिनं विचारलं, त्याचं घर कुठे होतं? म्हटलं, इथेच कुठेतरी. ती थोडा वेळ पायाखाली बघत राहिली. मग म्हणाली, मला शू लागली.

काकू, तुमचंही ऐकलं. घरी येऊन शेजारच्या एकट्या आजोबांना जेवायला बोलावलं आणि भोपळ्याचे घारगे केले. चुलीवरची, मीच केले.

गप्पिष्ट काकू
आणि? घारगे कसे झाले ते सांगितलंच नाहीत.

पाऊणशहाणा (धागाकर्ता)
डब्यातला भोपळा फार पाणचट. मावेल तेवढी कणीक घालत गेलो, तर चामट झाले. आजोबांनी चार खाल्ले, लेकीनं एकही नाही.

चुलीवरची
ताजा आणायचा, किसायचा आणि गुळात आटवायचा. डबा कसला उघडताय.