जुनी फोर बाय फोर घेतली आहे: पुढच्या डिफरन्समध्ये पाणी, चासीला गंज. सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

नुकतीच एक वापरलेली फोर बाय फोर घेतली. डिझेल इंजिन, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग), पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह (हवी तेव्हाच लावायची) आणि पुढची चाकं ड्राइव्हला जोडायला हाताने फिरवायचे लॉकिंग हब. गाडी चिखलपाण्यात भरपूर चाललेली आहे आणि सर्व्हिसची नोंद कुठेच नाही. अशी गाडी मी पहिल्यांदाच सांभाळतोय, आणि ती नीट उभी करायचीच असं ठरवलंय.

इंजिनाची काळजी वाटत नाही. थंड असतानाही पटकन सुरू होतं, धूर नाही, तेलाचं झाकण काढलं तर आतून भपकारे येत नाहीत. तेल, फिल्टर बदलतोय आणि टाइमिंग बेल्ट नवीन घालतोय. तो शेवटचा कधी बदलला हे कोणालाच सांगता येत नाही आणि तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील.

खरी चिंता गाडीच्या पोटाखाली आहे.

पुढच्या डिफरन्सचा (डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलमधली दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) लेव्हल प्लग उघडून बोट घातलं, तर तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं. ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधली हवा आत-बाहेर जायचं छिद्र, पाहिला, तो मातीने पूर्ण बुजलेला. तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. इथे तेच झालं असावं. शिवाय डाव्या चाकामागच्या गोल हौसिंगवरून तेल आणि ग्रीस एकत्र होऊन गळतंय, म्हणजे आतलं ऑईल सील गेलं आहे. मागच्या डिफरन्सचं तेल काळं आहे पण दुधाळ नाही. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी लगदा होता, तुकडे नव्हते.

प्रश्न असा: पुढे सील बदलून नवीन ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर तेलाने धुऊन काढणं पुरेल, की क्राऊन-पिनियन (डिफरन्सचे मुख्य गिअर) उघडून बेअरिंग बघायलाच हवेत?

दुसरी गोष्ट चासी. हातोडीने सगळीकडे ठोकून पाहिली. बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज येतो, पण मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा) भद्द वाजतं आणि पापुद्रे गळतात. तिथे स्क्रू-ड्रायव्हर सहज आत रुतला. वरून कोणीतरी डांबरासारखा जाड काळा थर मारलाय आणि त्याखाली ओल आहे. माझ्या मते गंजावर मारलेला असा थर संरक्षण करत नाही, ओल कोंडून ठेवतो. तो सगळा खरवडून काढावा का?

तिसरी, फोर बाय फोरचा दांडा हायमध्ये (नेहमीचा वेग) जातो, लोमध्ये (कमी वेग, जास्त ताकद) जात नाही. मऊ मातीवरच करून पाहिलं. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मधला डिफरन्स नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावलं तर या गाड्यांचे शाफ्ट पिळवटतात.

ब्रेकचं तेल काळंकुट्ट आहे. होज आणि व्हील सिलिंडरसकट सगळं नवीन घालतोय. टायरही बदलायचे आहेत, चारही एकाच मापाचे.

डेंटिंग-पेंटिंग आधी करून घे, असं बरेच जण सांगताहेत. मला ते पटत नाही. तुमचं काय मत?

प्रतिसाद:

रंग सगळ्यात शेवटी, तुमचं बरोबर आहे. आधी ब्रेक, मग चासी, मग डिफरन्स.

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी तेल काढा. खाली बसलेलं पाणी आधी येईल. ड्रेन प्लगला पाना लावण्याआधी भरायचा प्लग उघडतोय याची मात्र खात्री करा. तो जाम असेल तर तेल काढून बसाल आणि भरता येणार नाही. मग पिनियनचा फ्लँज धरून हलवा. खेळ असेल, किंवा चालवताना घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर उघडावंच लागेल. नसेल तर सील बदला, गोल हौसिंगमधलं ग्रीस धुऊन नवीन भरा, आणि थोडं चालवून ते तेलही टाकून द्या. ब्रीदरला लांब नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या.

शॅकलजवळ सगळा भार येतो, तिथे वरून ठिगळ चालणार नाही. निरोगी लोखंड लागेपर्यंत कापा आणि तेवढ्याच जाडीची पट्टी वेल्ड करून घ्या. काळा थर पूर्ण काढा, त्याखाली आणखी जागा निघू शकतात.

लोसाठी गाडी पूर्ण थांबवून, गिअर न्यूट्रल करून, क्लच दाबून बघा. तरी नाही गेला तर दांड्याचा जोड ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी, हाय-लो बदलणारी पेटी) सोडवा आणि हाताने सरकवून बघा.

धागाकर्ता:

मनापासून आभार. जोड सोडवला, हाताने लो व्यवस्थित लागतो! पिव्होटचा बुश पार झिजलाय, त्यामुळे दांडा पूर्ण सरकत नव्हता. ट्रान्सफर केस उघडावी लागणार नाही. पिनियनलाही खेळ नाही, म्हणून सील, ग्रीस आणि ब्रीदरची नळी एवढंच करतोय.

काळा थर खरवडल्यावर दुसऱ्या बाजूलाही, डिझेलच्या टाकीला अगदी लागून, तसाच पोकळ भाग निघाला. वेल्डिंगआधी टाकी उतरवतोय आणि बॅटरी सोडवतोय. बंद पेटीसारखी चासी आतून गंजते, तर वेल्ड झाल्यावर आतल्या बाजूला काय मारावं? मेण की तेल, आणि पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवून ते आतपर्यंत कसं पोचवता?