चर्चमध्ये राहूनच बदल: काय चालतं, कुठे अडतं? अनुभव टाका

सांजघंटा
दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी 'हिशेब मागितला की बंडखोर ठरवतात' लिहिलं आणि जुनं सगळं वर आलं. कॅथलिकांपुरतं सांगते. कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) १२८७ म्हणतो, भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा. कॅनन ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती हवीच. पॅरिश कौन्सिल मात्र बिशपांना योग्य वाटलं तर, तेही फक्त सल्ल्यापुरतं. लोक कौन्सिलसाठी जीव काढतात, अर्थसमितीवर कोण आहे ते विचारत नाहीत. अर्ज एक पान, मागणी एकच, दोन प्रती, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. हिशेब, माईक आणि दफनभूमीची भिंत एकाच अर्जात कोंबली की उत्तर भिंतीचंच येतं.

नगरवाला
सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाट वेगळी. आधी स्थानिक मंडळीची पास्टोरेट कमिटी, मग बिशपांच्या प्रांताची डायोसिसन कौन्सिल, मग सगळ्यात वरची सभा म्हणजे सिनॉड. पाळकसाहेबांशी व्हरांड्यात वाद घालून काही होत नाही, ठराव लागतो. सूचक, अनुमोदक हवेत, विषय आधीच अजेंड्यावर हवा. ऐनवेळच्या विषयांत टाकला की 'पुढच्या सभेत पाहू'. आणि मागचं इतिवृत्त कायम होताना कान उघडे ठेवा, 'ठरले'चं 'चर्चा झाली' तिथेच होतं. सभेआधी मतदारयादीही बघा.

मेरीमावशी
गॅसवर भात आहे, पटकन लिहिते. कॅथलिकांत २०१६ पासून पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीत बायकांचेही पाय धुता येतात. २०२१ पासून वाचक आणि वेदीसेवक ही पदं रीतसर बायकांनाही खुली. तरी कितीक ठिकाणी तेच बारा बाप्ये! विचारलं की 'बायका तयार होत नाहीत'. मग तयार असलेल्यांची नावं ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आधीच ऑफिसात द्या. आठवडा उरला असताना यादी कुणी बदलत नाही.

केळीबाग
मावशी भात बघा आधी. आमच्या हार्वेस्टच्या (सुगीच्या सणाच्या) लिलावात भोपळ्याची बोली लागते ना, तेवढ्या जोरात कुणी हिशेब मागत नाही एवढंच म्हणतो.

तारखांचा_माणूस
कॅथलिकांमध्ये बिशपांचा लेखी निर्णय पटला नाही तर: १० दिवसांत ज्यांनी दिला त्यांच्याकडेच फेरविचाराचा लेखी अर्ज. त्यांना ३० दिवस. नंतर १५ दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे दाद. पहिली पायरी गाळून थेट वर पाठवलेली पत्रं याचमुळे पडतात. तोंडी 'नाही'वर घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून निर्णय कागदावर मागा.

ट्रस्टी_नको_रे
जमिनीचं कुणीच काढलं नाही? महाराष्ट्रात मिळकत नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ३६. विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. भाडेपट्टा शेतीचा १० वर्षांहून किंवा बिगरशेतीचा ३ वर्षांहून जास्त असेल तरीही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद). तो राहून गेला की पुढच्या सह्याच वादात. मंडळीत आवाज चढवण्याआधी पीटीआरचा (सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा) उतारा काढा, कागदावर कोण विश्वस्त आहे ते बघून तोंडं बंद होतात.

केळीबाग
उतारा कुणालाही मिळतो?

ट्रस्टी_नको_रे
सार्वजनिक नोंद आहे. धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक सोबत. नंबर पावतीपुस्तकावर असतो बहुतेकदा.

थेम्सकाठी
चर्च ऑफ इंग्लंडचं गणित लक्षात ठेवा. स्त्री बिशपचा ठराव नोव्हेंबर २०१२ मध्ये बिशप आणि धर्मगुरू दोन्ही सभागृहांत सहज निघाला, सामान्यजनांच्या सभागृहात १३२ विरुद्ध ७४. लागणाऱ्या दोन तृतीयांशला ६ मतं कमी, म्हणून पडला. बिशप आडवे आले नव्हते, बाकांवर बसणारे आले. त्या सभागृहाला डीनरी सिनॉड (आसपासच्या काही पॅरिशांची मिळून सभा) निवडून देतं, आणि डीनरीची माणसं पॅरिशच्या वार्षिक सभेत ठरतात, जिथे चहा झाला की निम्मे घरी. पुढे जुलै २०१४ मध्ये ठराव पास झाला.

नगरवाला
वार्षिक सभा! आमच्याकडे चहा आधी देतात, हीच चूक. शेवटी ठेवा.

मेरीमावशी
भात लागला खालून. लिलाव कुठल्या रविवारी आहे रे केळीबाग?