१८५०चं गाव पोत्यांवर वाढवायचं की थांब्यांवर?

गाडीवान

ओपनटीटीडी या वाहतूक कंपनी चालवायच्या संगणक-खेळात १८५०चा नकाशा मांडायला बसलोय. घोडागाड्यांचा संच टाकला, २५६ बाय २५६ चौकटींचा नकाशा घेतला, दहा गावं ठेवली, सगळी पाचशे वस्तीच्या आतली. पहिल्याच तासात हिरमोड झाला. पाच थांबे टाकायचे, गाड्या गोल गोल फिरवायच्या, की गाव फोफावलंच. गेल्या ५० दिवसांत किती थांब्यांवर चढउतार झाली एवढंच गाव बघतं, आणि पाच थांब्यांच्या पुढे तेही मोजत नाही. दाणा कुठून येतो, जळण कुठून येतं, घरं कशाची बांधतात, याची कुणाला पडलेली नाही.

माझं म्हणणं असं, की जुन्या काळचं गाव हवं असेल तर त्याला पोट हवं. गेमस्क्रिप्ट, म्हणजे खेळाचे नियम बदलणारा छोटा प्रोग्राम, लावून वस्तीच्या प्रमाणात धान्य, जळण आणि विटा मागायच्या. माल नाही आला तर वाढ बंद. नाहीतर १८५० म्हणजे जुने कपडे घातलेलं १९५०.

हिमरेषा

एवढा खटाटोप कशाला? खेळातलं बर्फाळ हवामान घ्या आणि हिमरेषा, म्हणजे जिथून वर बर्फ असतो ती उंची, खाली ओढा. रेषेच्या वरच्या गावाला अन्न लागतंच. शेतं रेषेच्या खाली, जंगलं वर. दाणा वर चढतो, लाकूड खाली उतरतं. आयतं अर्थकारण.

गाडीवान

ते करून झालंय. गाव ९० वस्तीच्या वर गेलं की अन्न मागतं खरं, पण किती? महिन्यात काहीतरी आलं की बास. शंभराच्या गावाला एक पोतं आणि दहा हजारांच्या शहरालाही एकच पोतं. याला पोट म्हणायचं की नवस?

कोळशाचा ढीग

पोट मान्य, पण ते तुम्हीच का भरायचं? गाव तुमच्या कंपनीच्या आधीपासून आहे आणि तेव्हाही जेवतच होतं.

थ्युनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने १८२६ साली शहराभोवतालच्या शेतीची वर्तुळं मांडली. अगदी आत दूध आणि भाजी, कारण ती नासतात. त्याबाहेर जंगल, कारण सरपण जड आणि लांबून आणणं परवडत नाही. मग धान्य. सगळ्यात बाहेर गुरं, कारण ती आपल्या पायांनी बाजारात येतात. आतली दोन वर्तुळं कुठल्याही वाहतूक कंपनीची कधीच नव्हती. शेतकरी स्वतःची गाडी जुंपून यायचा. नकाशावर ती दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असं धरून तुम्ही सगळं ओझं आपल्या डोक्यावर घेताय.

असली स्क्रिप्ट लावून मी खेळलोय. सातव्या वर्षी बारा गावांना पोती मोजून देणारा कोठारातला कारकून झालो होतो. रूळ टाकायला वेळच उरला नाही.

आणि थांब्यांची एवढी चेष्टा नको. १८३०ची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे मुख्यतः मालासाठी काढली, सुरुवातीला जास्त पैसे उतारूंनी दिले.

रुळावरची

वर्तुळांचा मुद्दा आवडला, पण तो अर्धाच सांगितलात. रेल्वे आली आणि ती वर्तुळं फुटली, खरी गंमत तिथे आहे. लंडनमध्ये गाई शहरातच गोठ्यांत बांधलेल्या असायच्या. १८६५ साली गुरांची साथ आली, गोठे ओस पडले आणि बाहेरगावचं दूध रेल्वेने मोठ्या प्रमाणात यायला लागलं. म्हणजे तोवर दूध हा तुमचा माल नव्हता, नंतर झाला. एखादी स्क्रिप्ट अशी असावी, की १८६५पर्यंत गाव दूध मागणारच नाही आणि मग अचानक मागेल. नुसती मागणी ठेवली की हिशेब होतो. ती कधी सुरू झाली हे ठेवलं की इतिहास होतो.

बिलाचं कोष्टक

तुम्ही सगळे मागणीवर भांडताय. दुखणं भाड्यात आहे. हा खेळ पैसे देतो ते अंतर आणि वेळ बघून. त्यामुळे शेजारच्या वीजकेंद्राला कोळसा देणारा मूर्ख आणि तोच कोळसा नकाशाच्या दुसऱ्या टोकाला नेणारा शहाणा ठरतो.

ब्रिजवॉटर कालवा बघा. १७६१ साली वर्स्लीच्या खाणींतून मँचेस्टरला कोळसा आला, अंतर जेमतेम दहा मैल, आणि शहरात कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. शहराला कालव्याने दिलं ते हे. आपल्या खेळात हाच कालवा खणून बघा, दिवाळं निघेल. कारण इथे भाडं आहे, भाव नाहीच. माल स्वस्त पोचवला तर फायदा कुणालाच नाही. मग कितीही पोती मागा, शहराचं अर्थकारण येणार कुठून?

रुळावरची

सिमुट्रान्स या दुसऱ्या वाहतूक-खेळात ही चलाखी चालत नाही. तिथे खाणीचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, माल त्यालाच जातो. लांबचं गिऱ्हाईक शोधून पैसे उकळता येत नाहीत. भाव तिथेही नाही, पण निदान कोण कुणाला पुरवतं हे तरी पक्कं.

गाडीवान

कोष्टकभाऊ, खेळाडूला आपल्या हाताने बांधून घ्यायची मुभा आहे ना? मी नियम केलाय: कोळसा सगळ्यात जवळच्या गिऱ्हाइकालाच. भाडं कमी पडतं म्हणून सुरुवातीचं कर्ज पहिली पाच वर्षं फेडत नाही. खेळ अवघड होतो, पण नकाशाला आकार येतो. खाणीजवळचं गाव वाढतं, लांबचं खुरटतं.

ढिगाचं कारकुनाचं म्हणणं मात्र जिव्हारी लागलं, कारण माझंही तेच झालं. तीन घोडागाड्या, चाळीस चौकटींचा रस्ता, मध्ये एक चढ. पहिली गाडी चढावर बंद पडली, मागच्या दोन तिच्या शेपटीला खोळंबल्या. खेळातला दिवस असतो साधारण दोन सेकंदांचा, वर्ष बारा-तेरा मिनिटांत संपतं. एक खेप पोचायला जवळपास तीन महिने. स्क्रिप्ट दर महिन्याला दार वाजवते आणि दोन महिने शून्य बघून वाढ थांबवते. गावात पोती येत होती, फक्त रस्त्यात होती.

कोळशाचा ढीग

म्हणजे तुमची स्क्रिप्ट पोट मोजत नाही, वेळापत्रक मोजते. खऱ्या गावात कोठार असायचं. सुगीचा दाणा वर्षभर पुरवायचा, महिन्याच्या महिन्याला कोण पोती मोजत होतं?

गाडीवान

बरोबर. वार्षिक हिशेब लावतो. वर्षभरात एवढा माल आला तर पुढचं वर्ष वाढ, नाहीतर नाही. आणि वर्तुळांचा मान राखून दूध, भाजी, सरपण यादीत धरत नाही. राहिलं धान्य आणि कोळसा.

हिमरेषा

आणि विटा? तुमच्या पहिल्या यादीत विटा होत्या.

गाडीवान

विटा गावातच भाजतात. भट्टी वेशीला चिकटून ठेवलीय. तिचा कोळसा तेवढा आणावा लागेल, तो चढ टाळून.