मुंबई ते मोंबासा, मोटारसायकल बोटीने: क्रेट, कार्नेट आणि लपलेला खर्च

डोंगरवाट_ठाणे
हिमालयन ४११ न्हावा-शेवाहून केनियातल्या मोंबासाला पाठवायची आहे. पुढे टांझानिया, झांबिया, बोत्सवाना करत केपटाऊन आणि परतीला डर्बनहून बोट. एका फॉरवर्डरने (माल पाठवून देणारा एजंट) एलसीएलचा, म्हणजे इतरांच्या मालासोबत कंटेनरात जागा घेण्याचा, दर इतका कमी सांगितलाय की शंका येते. कमी दरात गोम काय असते? क्रेट, म्हणजे गाडीची पेटी, किती मापाचा करावा? कार्नेट (जकात न भरता गाडी तात्पुरती परदेशी नेण्याचं कागदपत्र) काढलं की कस्टमचं काम संपतं का? रो-रोने गाडी नुसती चढवून देता येत असेल तर क्रेटची भानगडच नको.

उरणचा_नाखवा
गोम पलीकडच्या किनाऱ्यावर. एलसीएलमध्ये इथलं भाडं नाममात्र लावतात आणि मोंबासाला डीओ (माल सोडण्याचा आदेश), टर्मिनल हँडलिंग, कंटेनर रिकामा करणं, सीएफएसचं (बंदराजवळचं कंटेनर गोदाम) भाडं असं सगळं वसूल करतात. तोवर गाडी त्यांच्या ताब्यात असते, घासाघीस कसली करणार! म्हणून बुकिंगआधीच मोंबासाच्या एजंटाचं नाव आणि त्याचे सगळे शुल्क लेखी मागा. देत नसेल तर फॉरवर्डर बदला.

दर घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर. गाडी १९९ किलो, क्रेट धरून पाव टनाच्या आसपास, त्यामुळे पैसे घनफळाचेच. हँडल, काच, पुढचं चाक तसंच ठेवून २.३० × ०.९५ × १.४५ मीटरचा क्रेट केलात तर ३.१७ घनमीटर. तेच काढून २.०० × ०.७५ × १.२० मध्ये बसवलीत तर १.८०. हा फरक दोन्ही बंदरांवर मोजावा लागतो.

रो-रोचं म्हणाल तर भाऊचा धक्का ते मांडवा डोळ्यासमोर आणू नका. तिथे तासाभराचा प्रवास असतो आणि गाडी तुमच्या नजरेसमोर असते. मोठ्या रो-रो जहाजावर किल्ली देऊन यावं लागतं, पॅनिअर (बाजूच्या पेट्या) किंवा सुटं सामान ठेवलंत तर ते गेलंच समजा. शिवाय एकट्यादुकट्या वापरलेल्या मोटारसायकली बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत.

पाना_१२_१४
क्रेटचं सांगतो. तळाला भरीव लाकूड वापरलंत तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवा, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. शिक्का नसेल तर तिकडे क्रेट अडकतो. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून बाजू १२ मिमी प्लायच्या करा. त्याहून सोपं म्हणजे एखाद्या शोरूमकडून नव्या गाडीची लोखंडी चौकट मिळवणं, शिक्क्याचा प्रश्नच मिटतो. खिळे मारू नका, स्क्रू आणि बोल्ट लावा. मोंबासाला कस्टमवाले उघडायला सांगतात, पहारीने फोडलेला क्रेट परत जुळत नाही.

पुढचं चाक काढलं की कॅलिपरच्या पॅडमध्ये लाकडाची चकती अडकवा, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला की पिस्टन बाहेर येऊन पॅड मिटतात. एक्सल परत घालून तो तळाच्या ठोकळ्यात बसवा. रॅचेट पट्टे खालच्या ट्रिपल क्लॅम्पवरून (फोर्कचे दोन्ही पाय धरणारा जोड) घ्या, हँडलवरून नको. फोर्क एक-तृतीयांश ते निम्मा दाबा. पूर्ण दाबून आठवडेच्या आठवडे ठेवलात तर ऑइल सील गळू लागतात. मागे पट्टे फ्रेमला बांधा. साइड स्टँड वर, वजन त्यावर अजिबात नको.

पेट्रोल आधी पाइपने काढा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. बंद पडल्यावर सेल्फ मारत बसू नका, इंजेक्शनचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो. बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवा, दोन्ही टोकांना टेप. समुद्री नियमांत गाडी धोकादायक मालात मोडते: यूएन ३१६६, वर्ग ९. टाकी रिकामी आणि बॅटरी सुरक्षित असल्यास सूट मिळते, तरी कंपनी त्याचं लेखी पत्र मागतेच.

गाडी प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळायची हौस बरेच जण करतात. आत दमटपणा कोंडतो आणि गंज चढतो. चेनला आणि उघड्या धातूला तेल लावा, सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, क्रेटला झरोके ठेवा. जमल्यास जून ते सप्टेंबर टाळा. सीएफएसच्या उघड्या आवारात क्रेट पावसात उभा राहिला तर काय होतं ते सांगायला नको.

शिक्का_फोर्ट
कार्नेटने काम संपत नाही. ते चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून निघतं, मुदत एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन तुकडे: खालचा देशात शिरताना कापून घेतात, मधला बाहेर पडताना, वरचा दोन्ही शिक्क्यांसह तुमच्याकडे राहतो. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला की त्या देशाच्या लेखी गाडी तिथेच विकली गेली, आणि मग जकातीची मागणी तुमच्या बँक गॅरंटीवर येते.

तुमच्या मार्गात फसण्याची जागा डर्बन. बोत्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो, एस्वातिनी यांचा कस्टम संघ एकच, त्यामुळे आत शिरताना बोत्सवानाला एक शिक्का आणि शेवटी डर्बनला दुसरा. क्रेट बंद करून विमान पकडलंत आणि कार्नेट खिशातच राहिलं तर तो दुसरा शिक्का मिळत नाही. एजंटला मूळ कार्नेट दाखवून शिक्का होईपर्यंत थांबा.

इथे निघताना शिपिंग बिलात (निर्यातीचा कस्टम कागद) इंजिन आणि चासी नंबर दोन्ही लिहून घ्या. परत आणताना तीच गाडी आहे हे त्यावरूनच सिद्ध होतं. बिल ऑफ लेडिंगवरचं (जहाज कंपनीची मालाची पावती) नाव पासपोर्ट आणि कार्नेटशी अक्षरशः जुळायला हवं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून डीओ अडतो.

बोटीचा विमा घेताना आयसीसी ए (जवळपास सगळ्या जोखमींचा) मागा. वापरलेल्या गाडीला बऱ्याचदा फक्त संपूर्ण नुकसानीचा विमा गळ्यात मारतात. जमिनीवरचा थर्ड पार्टी विमा केनियात घ्या, त्यावर कोमेसा यलो कार्ड (शेजारच्या देशांतही विमा लागू करणारं कार्ड) जोडून घेतलं की टांझानिया, झांबियात चालतं.

डोंगरवाट_ठाणे
धन्यवाद, शिक्का. आणखी तिघे तयार आहेत. चौघांत २० फुटी कंटेनर घेतला तर?

उरणचा_नाखवा
आत साधारण ५.९ × २.३५ मीटर जागा असते, चार गाड्या क्रेटशिवाय बसतात. चाकांना लाकडी खाचा, पट्टे कंटेनरच्या कड्यांना. एलसीएलचा तो पलीकडचा खेळही टळतो. पण बिल ऑफ लेडिंग एकच असेल तर एकाचं कार्नेट अडलं की चौघंही अडले. चौघांनी एकाच दिवशी मोंबासात हजर राहायचं, आणि विमानाची तिकिटं कंटेनर जहाजावरून उतरल्याचं कळल्यावरच काढायची. वाटेत ट्रान्सशिपमेंट (दुसऱ्या जहाजावर चढवणं) असेल तर तारखा हमखास सरकतात.